सहाचा भोंगा

नातीच्या मोबाईलवर पक्ष्याचं नाव उमटलं. तिनं ते वाचून दाखवलं, कडुनिंबाच्या वरच्या फांदीकडं बोट केलं आणि म्हणाली, "आबा, परत ओरडला बघा. ऐकलं?"

मी मान डोलावली. ऐकलं काहीच नव्हतं.

मान डोलावण्याची ही सवय मागावरची आहे. एकोणतीस वर्षं मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. बिघडलेला माग चालता करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. शेडमध्ये चाळीस यंत्रमाग एकदम चालू असले की शेजारच्याच्या तोंडाला कान लावला तरी शब्द कळत नाही. तिथं माणसं ओठ वाचतात, हातांनी बोलतात. कामगार काहीतरी सांगतो, आपल्याला अर्धं कळतं, आपण मान डोलावतो आणि जाऊन माग बघतो. काय बिघडलंय ते मागच सांगतो. चाळिसांतला कुठला आडवा चालतोय ते मला दारातूनच कळायचं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा ठोका जरा मागं पडला की कानाच्या आधी तळपायाला समजायचं. लोक म्हणायचे, जॉबरचे कान तिखट. मला त्याचा अभिमान होता. त्या कानांचं आत काय चाललंय हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तर ही 2024 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. शाळेत पक्षी सप्ताह होता. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्ष्यांचा म्हणून पाळतात. चितमपल्ली आमच्या सोलापूरचे, म्हणून आमच्याकडं बाईंना जरा जास्तच उत्साह. घरचा अभ्यास होता, दहा पक्षी बघून लिहा. नातीचे कावळा, चिमणी, पारवा, साळुंकी, पोपट, घार, बगळा, बुलबुल असे आठ गच्चीवरच झाले. दोन कमी पडले म्हणून ती माझ्याकडं आली, कारण घरात रिकामा माणूस मीच.

म्हणून आम्ही बागेत गेलो. तिनं मोबाईलवर मर्लिन नावाचं ॲप घेतलं होतं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. मोबाईल धरून उभं राहायचं. आजूबाजूला जो पक्षी बोलेल त्याचं नाव ते लिहून दाखवतं. मला आधी हा पोरखेळ वाटला. पण त्या सकाळी त्यानं दाखवलेला पक्षी आम्हाला वीस मिनिटांनी खरोखर दिसला. चिमणीहून लहान, मातकट, डोळे मोठे. शेपटी वर उचलायचा आणि खाली सोडायचा, आणि दर वेळी शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरं चमकायचं. वळला तेव्हा गळ्याला शेंदूर लावल्यासारखा डाग दिसला. तांबूला. पूर्व युरोप, रशिया तिकडं जन्मतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडं येतो. कुठं तो रशिया आणि कुठं आमचा विजापूर रोड! नातीनं वहीत नववा पक्षी लिहिला आणि समोर कंसात लिहिलं, 'आवाज ऐकला'. मग माझ्याकडं बघून विचारलं, "दोघांनी असं लिहू?"

मी म्हटलं, लिही.

ते मला पुढं आठवडाभर टोचत राहिलं.

डिसेंबरात कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचं. मी खूप वेळ बटण न दाबता बसलो तेव्हाच समजलं. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि 4000 च्या आकड्यापाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "मागावर होता का?" माझ्या कपाळावर लिहिलंय की काय असं मला वाटलं. ते म्हणाले, कपाळावर नाही, कागदावर लिहिलंय. सतत दणदणाट ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा पडतो तो याच जागी, 4000 हर्ट्झच्या आसपास. आतल्या शंखात केसासारख्या बारीक पेशी असतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी तोंडाशीच असतात, मार त्यांना आधी बसतो. एकदा गेल्या की गेल्या.

मग मी त्यांना विचारलं, पक्षी कुठल्या आकड्यावर गातात? डॉक्टर हसले. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. घरी येऊन मीच वाचलं. लहान पक्ष्यांचं बरंचसं गाणं 2000 ते 8000 हर्ट्झच्या मधे बसतं, म्हणजे माझा खड्डा बरोबर त्यांच्या अंगणात खणलेला. त्याच वाचनात आणखी एक गोष्ट सापडली. पक्ष्यांच्या कानातल्या या पेशी मेल्या तर त्यांच्या जागी नव्या उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. हे वाचून मला हेवा वाटला, आणि वयाच्या साठीत एखाद्या चिमणीचा हेवा करतोय याचं हसूही आलं.

एक कबुली इथंच देऊन टाकतो. गेली कित्येक वर्षं मी कट्ट्यावर छातीठोकपणे सांगत होतो की सोलापुरातले पक्षी संपले. पूर्वी आमच्या चाळीपुढच्या शेवग्यावर शिंजीर यायचे, तुरुतुरु फुलटोचे यायचे, शिंपी दिवसभर कोकलायचा. आता सगळं गप्प. मोबाईलच्या टॉवरनं गेले, असं माझं ठाम निदान होतं, आणि समोरचेही माझ्याच शेडमधले असल्यामुळं कुणी विरोध केला नाही. खड्डे सगळ्यांचे सारखेच. शेवग्यावर ते आजही येतात. परवा नातीनं दाखवले. चोची उघडत होत्या, मिटत होत्या, मूकपटासारख्या.

काय काय ऐकू येतं याची मग मी यादी केली. कावळा येतो. कोकीळ येतो. भारद्वाजाचं ते बुडबुड्यासारखं 'ऊप ऊप' छान येतं. तांबटाचं टुकटुक येतं, पारव्याचं घुमणं येतं. दयाळाचं अर्धं येतं: मार्चमध्ये पहाटे तो दिव्याच्या खांबावर बसून गातो, तर त्याच्या लांबलचक तानेतले मधले तुकडेच गळालेले असतात, रद्दीतल्या कापडासारखे. चष्मेवाला, सुभग, शिंजीर, फुलटोचा, सगळे वटवटे गेले.

मोबाईल मात्र सगळं ऐकतो. आणि ऐकून तो जे दाखवतो त्याच्या मी प्रेमात पडलो. पडद्यावर आवाजाचं चित्र सरकत जातं: डावीकडून उजवीकडं वेळ, खालून वर स्वराची उंची. उंच शीळ वरच्या ओळीत, घुमणं खालच्या ओळीत. पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं, अरे, हा तर ग्राफ! जकार्ड चादरीची नक्षी आधी अशीच चौकटीच्या कागदावर भरतात. मोर असो की कमळ, एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आणि मग माग ती कार्डं वाचत धागे उचलतो. कागदावरचे चौकोन बघून चादर कशी दिसेल हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना न विणताच दिसतं. मीही तसं शिकायला लागलो. शिंप्याचं गाणं म्हणजे एकाखाली एक सारख्याच उभ्या टाक्यांची रांग. राखी वटवट्याची जरा तिरकी. दयाळाची नक्षी भरजरी, कुठंच पुन्हा न येणारी. आवाज बंद असलेली चादर म्हणा. पण चादरच.

नातीला हे पटत नाही. ती म्हणते, "आबा, तुम्ही चित्र बघता. ऐकणं वेगळं." बरोबर आहे तिचं. तिच्यासारखं ऐकायला मला आता कुठलं मिळणार?

हिवाळाभर आम्ही रविवारी फिरलो. संभाजी तलावाच्या काठच्या पाणगवतात शंकर दिसला. गळ्यावर निळं, त्यात तांबडा ठिपका, आणि नाव कुणी ठेवलं असेल त्याला दंडवत. किल्ल्याच्या बुरुजावर निळा कस्तूर बसायचा, एकटा, ताठ, पहारेकऱ्यासारखा. सिद्धेश्वर तलावाकडून बघितलं की तो काळाच दिसतो; ऊन तिरकं पडल्यावरच निळा होतो. गड्ड्याच्या यात्रेत कर्णे, पाळणे, गर्दी, सगळा गोंधळ खाली चाललेला असताना हा वर त्याच दगडावर. एकदा नीलांग आला, एकच दिवस, तारेवर. भोरड्या तर काय, ज्वारी भरली की हजारांनी येतात, त्यांना दुर्मिळ कोण म्हणेल. शेतकऱ्याला विचारा.

या फिरण्यात एक गोष्ट कळली आणि मला ती फार आवडली. हे थंडीतले पाहुणे आपल्याकडं गातच नाहीत फारसे. गाणं लागतं ते जागा राखायला आणि जोडीदार बोलवायला. दिवस मोठा होऊ लागला की अंगात ती ऊर्मी येते, आणि तोवर ते परतीच्या वाटेला लागलेले असतात. इथं ते फक्त 'टिक', 'टर्र', 'चक' एवढंच बोलतात, कामापुरतं. म्हणजे तांबूल्याचं खरं गाणं ऐकायला सोलापुरातल्या तीक्ष्ण कानाच्या माणसालाही रशियालाच जावं लागेल. परगावी कामाला आलेली माणसंही अशीच असतात. आमच्या शेडमध्ये तेलंगणातून, कर्नाटकातून आलेले कितीतरी जण होते. मागावर सगळे कामापुरती मराठी बोलायचे. गाणी घरी.

फेब्रुवारीत कानाचं मशीन घेतलं. त्याबद्दल लोक काय काय सांगतात. माझा अनुभव असा, की पहिल्या दिवशी रिक्षाचे हॉर्न, भांडी आणि कुकर यांनी डोकं उठलं. शिंजीर काही परत आले नाहीत, फार वरच्या स्वरापर्यंत माझ्या कानाला मशीनसुद्धा नेऊ शकत नाही. पण संध्याकाळी बागेत गेलो आणि चालताना सारखं कुणीतरी मागं आहे असं वाटायला लागलं. वळून बघितलं, कुणी नाही. चार पावलं टाकली, परत तेच. मग लक्षात आलं, पाचोळा. माझ्याच पायाखालचा. पानांवर पाय पडला की कुरकुरतो, हे मी विसरूनच गेलो होतो. किती वर्षं मी न वाजता चालत होतो.

म्हणून मग मी जिथं पाचोळा जास्त तिथं जायला लागलो. आणि त्यामुळं बाग झाडणाऱ्या अक्कांशी ओळख झाली.

बागेच्या मागच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे. तिचा नळ गळतो. गावात तेव्हा घरोघरी पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, आणि हा नळ मात्र चोवीस तास थेंबथेंब चालू. तिथं करंज आहे, बांबूचं बेट आहे, ओल आहे, आणि झाडून आणलेला पाचोळा अक्का तिथंच लोटतात. नियमाप्रमाणं तो गाडीत भरायचा. पण गाडी उभी राहते फाटकापाशी आणि अक्कांचा गुडघा दुखतो. तेव्हा ढीग साठत जातो, कधीतरी कुणी अधिकारी यायचा असला की पेटवून दिला जातो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत तो दोनदा पेटला. धुरानं बांबूतले सातभाई ओरडत पळाले. त्यांचं ओरडणं मला येतं.

मी अक्कांना म्हटलं, "एवढा ढीग राहू द्या की."

"का, मालक?"

"त्यात किडे असतात. किड्यांना पाखरं येतात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या सोलापुरात अनोळखी माणसाला मालक म्हणायची रीत आहे, पण त्या वेळच्या 'मालक'मध्ये जरा दया होती. "मला काय," त्या म्हणाल्या, "माझं काम वाचतंय."

अक्का गावाच्या पूर्व भागातल्या. घरी तेलुगू, नवरा मागावर होता, आता नाही. त्यांनाही माझ्यासारखंच थोडं कमी येतं, त्यामुळं आम्ही दोघं एकमेकांशी जरा ओरडूनच बोलतो आणि बाकड्यावर बसलेली जोडपी दचकतात.

2025 चा मे कुणी विसरणार नाही. सोलापूरचा मे म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, दुपारी रस्ते ओस, आणि गच्चीवर पाणी मारायचं. त्या वर्षी उन्हाळा अर्ध्यावर टाकून पाऊसच आला. मुंबईत तर 26 मे रोजी मोसमी पाऊस पोचला, आणि त्याआधीपासून आमच्याकडं वळीव रोज संध्याकाळी हजेरी लावत होता. असाच एक पाऊस होऊन गेला होता. मशीनची बॅटरी संपली होती आणि पावसाचं नको म्हणून मी ते काढून खिशात ठेवलं होतं. नात मामाच्या गावाला. मी एकटाच टाकीकडं चाललो होतो, छत्री झटकत.

आणि मला शीळ ऐकू आली.

दोन सुरांची. पहिला जरा खाली, दुसरा वर चढून परत उतरणारा. पोरगं दुसऱ्या पोराला बोळात बोलवतं तशी. मी थांबलो. मला वाटलं, आत कुणी आहे. परत आली. करंजातून. मी खिसा चाचपला, मशीन खिशातच होतं. मोबाईल काढायचं सुचलंच नाही. उघड्या कानाला, खड्ड्यासकट, स्वच्छ येत होतं. इतकं स्वच्छ की मला त्याची जागा कळत होती, पूर्वी दारातून माग कळायचा तशी.

झाडाच्या खालच्या फांदीवर तो बसला होता, मान मागं टाकून. प्रत्येक शिळेला मान मागं. मैनेएवढा, पण शेपूट नसल्यासारखा. घाईत कापडाचा शेव कापून टाकावा तसा मागून तुटका. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळा पट्टा, त्यावर पांढरी भुवई, पोट फिकट पिवळसर, आणि शेपटीखाली कुंकवासारखं लाल. नवरंग. नऊ रंग मोजायचं भान मला राहिलं नाही. पाच मोजले आणि तो खाली उतरला. पाचोळ्यावर. उड्या मारत चालला, पानं चोचीनं उलटीपालटी करत, एक गांडूळ ओढून काढलं आणि ढिगामागं गेला. तो ढीग. गुडघ्यानं वाचवलेला.

मला घाम फुटला होता. पावसानंतरच्या गारव्यात.

नवरंगाची ही ये-जा जुनी आहे. हिवाळा तो दक्षिणेत, श्रीलंकेपर्यंत काढतो आणि पावसाच्या तोंडावर उत्तरेकडं आणि कोकणाकडं, मध्य भारतातल्या जंगलांकडं वीण करायला निघतो. रात्री उडतो. वाटेत दमला की जिथं सावली आणि ओलसर पाचोळा दिसेल तिथं उतरतो. कधी कुणाच्या परसात, कधी जिन्यात, कधी खिडकीच्या काचेला आपटून पडतो. सोलापूर हे त्याचं गाव नाही, थांबा आहे. दोन-तीन दिवस, फार तर आठवडा. आणि शीळ घालतो ती पहाटे आणि सांजवेळी. तमिळमध्ये त्याला म्हणतातच 'आरुमणि कुरुवी', सहा वाजताची चिमणी.

हे वाचलं तेव्हा मी हसत सुटलो. घरातले बघायला लागले. सोलापूर हे भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव होतं. गिरण्यांचे भोंगे वेगवेगळ्या सुरांचे. कुठल्या गिरणीचा वाजला ते पाळण्यातल्या पोरालाही कळायचं. माझे वडील भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले. गिरण्या बंद झाल्या, भोंगे गेले. आणि आता हा नऊ रंगांचा भोंगा सहाच्या ठोक्याला करंजातून वाजतोय, आणि तोही नेमका माझ्या कानाच्या मापाचा.

दुसऱ्या दिवशी अक्कांना दाखवला. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पिट्ट."

"काय?"

"पिट्ट हाय की. आमच्यात पाखराला पिट्ट म्हणतेत."

मला माहीत नव्हतं की त्या किती मोठं बोलून गेल्या. या पक्ष्याचं इंग्रजी नाव पिट्टा, शास्त्रीय नावही पिट्टा, आणि तो शब्द तेलुगूतूनच उचललेला आहे: पिट्ट म्हणजे साधं लहान पाखरू. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या पंडितांनी तो लॅटिनच्या कपाटात नेऊन ठेवला आणि आज जगातल्या असल्या सगळ्या पक्ष्यांना तेच नाव आहे. मी अक्कांना हे ओरडून ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दुसरं काय म्हणणार? पिट्टच की."

नात परत आल्यावर तिनं माझ्या आनंदात एक खडा टाकला. कुठंतरी वाचून आली आणि म्हणाली, "आबा, नवरंग गाणारा पक्षी नाहीच. पुस्तकात नाही." खरंच तसं आहे. पक्ष्याचं स्वरयंत्र घशात नसतं, खाली छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथं असतं. खऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांत, आणि असे जगात सुमारे पाच हजार प्रकार आहेत, त्याची रचना गुंतागुंतीची असते. दोन फाट्यांतून एकाच वेळी दोन स्वर काढणारेही त्यांत आहेत. आणि मुख्य म्हणजे ते गाणं शिकतात. पिल्लू मोठ्यांचं ऐकतं, आधी बोबडं गातं, चुकतं, सुधारतं. कानावर नाही पडलं तर त्याला नीट येत नाही. नवरंग त्यांचा चुलतभाऊ. फांदीवर बसणाऱ्या त्याच मोठ्या गोतावळ्यातला, पण वेगळ्या शाखेचा. त्याच्या शाखेतले बहुतेक पक्षी शीळ जन्मतःच घेऊन येतात. कुणी शिकवावी लागत नाही.

म्हणजे गाणाऱ्या पक्ष्यांच्या मागं सहा महिने हिंडून, उघड्या कानाला मिळाला तो गाणाऱ्यांच्या यादीत नसलेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जॉबरचं कामही कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मात्र शिकण्याची गोष्ट डोक्यात राहिली. माझा मुलगा मागावर आला नाही, मीच येऊ दिलं नाही. पुण्यात संगणकावर बसतो. धोट्याचा ठोका ऐकून बिघाड सांगणं हे मी माझ्या उस्तादाकडून शिकलो होतो, त्यानं त्याच्या. माझ्यापाशी येऊन ते थांबलं, आणि बरंच झालं; त्याचा कागद सरळ येईल, मधे विहीर नसेल. पण कधी कधी रात्री झोप लागत नाही तेव्हा मला चाळीस माग ऐकू येतात, सगळे एका तालात, आणि त्यांतला एक आडवा चालणारा. मी तो शोधत बसतो.

बागेचं नाव मी सांगितलेलं नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलं असेल. नवरंगाचा एक फोटो नातीनं उत्साहात कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीपाशी हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन सात-आठ जण उभे. त्यांतल्या एकानं छोट्या स्पीकरवर नवरंगाचीच शीळ लावली. पक्ष्याला वाटतं दुसरा नर आला. तो चारा सोडून भांडायला बाहेर येतो, ओरडतो, शोधतो, परत ओरडतो. हजार-पाचशे मैलांच्या वाटेवर दम घ्यायला उतरलेलं पाखरू ते. मी त्या गृहस्थांना बंद करा म्हटलं. ते काहीतरी बोलले. मशीन काढलेलं होतं, ओठ वाचले, आणि या एका वेळी मान डोलावली नाही. अक्का मागून झाडू घेऊन आल्या आणि ते उभे होते नेमकं तिथूनच त्यांनी झाडायला सुरुवात केली, धूळ उडवत. गुडघा दुखत असताना. दहा मिनिटांत जागा मोकळी झाली.

पण नवरंग दुसऱ्या दिवशी नव्हता. त्यामुळंच गेला असं मी म्हणणार नाही. जायची वेळही झालीच होती. सहा वाजले, सव्वासहा झाले. करंज गप्प.

पुढं जूनमध्ये, 18 तारखेला, चितमपल्ली गेले. आयुष्य विदर्भातल्या रानांत काढून शेवटी ते सोलापुरात आले होते, इथंच गेले. मी त्यांना कधी भेटलो नाही. पण जंगलातल्या माणसांकडून पाखरांची नावं गोळा करून मराठीत आणणारा माणूस आमच्याच गावात जन्मला, याचा त्या दिवशी मला बागेत फिरताना आधार वाटला. नवरंग, नीलांग, शंकर, तांबूला, सुभग. ज्यांचं गाणं मला येत नाही त्यांची नावं तरी मी मोठ्यानं म्हणू शकतो. म्हणत फिरलोही. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं काहीतरी सटकलं.

टाकीपाशी अक्का ढिगाकडं बघत उभ्या होत्या.

"पिट्ट गेलं का, मालक?"

"गेलं."

"मग उचलू आता हे? साहेब विचारायलेत."

"परतीला ऑक्टोबरात येतं. त्याच वाटेनं."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट. "तोवर साहेबाला काय सांगू?"

"सांगा, खत करायलोय."

"खरंच करायचं काय?"

"करू की," मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी मिळून नळाखालची बादली ढिगावर ओतली.